ओल्या मिशा

१२ नोव्हेंबर १९७२, रविवार

आज हुकूम हातात पडला. 'मौजे पिंपळदरा, तालुका पाथर्डी, येथील पोलीस पाटील म्हणून श्री. गहिनीनाथ तुकाराम गर्जे, माजी सैनिक, यांची सहा महिन्यांसाठी हंगामी नेमणूक.' तीनदा वाचला. चौथ्यांदा रंगूला मोठ्यानं वाचून दाखवला. ती म्हणाली, "लई झाक झालं. आता तेवढा दळनाचा डबा खाली काढा." बायकांना सरकारी कागदाची किंमत नाही ती नाहीच.

सोळा वर्षं फौजेत ट्रक हाकला. आमचे सुभेदार साहेब रोज वही लिहायचे. म्हणायचे, ज्याच्या हाताखाली माणसं आहेत त्यानं रोज स्वतःची झडती घ्यावी. आता माझ्या हाताखाली अख्खं गाव आहे, एकशे दहा उंबरे. म्हणून ही वही. सरकारी नोंदवही वेगळी, ती फौजदार साहेब तपासणार. ही कुणी तपासायची नाही.

पूर्वी आमच्याकडं पाटीलकी वतनाची होती. बापामागं लेक, लेकामागं नातू, मग तो शहाणा असो नाहीतर ठार येडा. वतनं गेली, आता सरकार माणूस बघून नेमतं. शेवटचे वतनदार श्रीमंत पाटील दोन वर्षांमागं वारले. त्यांचा मुलगा मुंबईला गिरणीत, तो काही परत येत नाही. घरी त्यांची मंडळी मनकर्णाकाकू एकटीच. फौजदार साहेब मला म्हणाले, "गर्जे, आम्ही गावात चौकशी केली तर तुमचं एकच नाव निघालं. दुसरं नावच नाही." निघणार कसं? लष्कराचा दबदबाच तसा असतो. चौकशी करून साहेब मनकर्णाकाकूंच्या ओसरीवर तासभर बसले, चहा घेऊन गेले. मला बोलावलं नाही. असू दे, पाटलाच्या विधवेचा तेवढा मान ठेवावाच लागतो.

सहा महिन्यांनी प्रांतसाहेब स्वतः गावात येणार, लोकांना विचारणार आणि मग कायम करणार. कायम झालोच पाहिजे. नाही झालो तर 'हंगामी' हे नाव पडेल, आणि आमच्या गावात एकदा पडलेलं नाव सरणावर चढेपर्यंत सुटत नाही. धोंडू 'उपाशी' याचे पणतूसुद्धा अजून उपाशीच आहेत.

१५ नोव्हेंबर, बुधवार

पोलीस पाटलाला गणवेश नसतो म्हणे. नसू दे. पट्टा माझा स्वतःचा आहे, शिट्टी पण आहे. सकाळी सातला पट्टा आवळून चावडीत बसलो. भीमा कोतवालाकडून दवंडी दिली: ज्याचा कुणाचा तंटा असेल त्यानं सात ते नऊ या वेळात चावडीत यावं, कुणाच्या घरी, पारावर किंवा विहिरीवर तंटा करू नये.

नऊपर्यंत एक कुत्रं आलं. तेही भीमाचंच.

२६ नोव्हेंबर, रविवार

दोन आठवडे झाले, एक तक्रार नाही. नोंदवहीत रोज 'निरंक' लिहितो.

काल मात्र संधी होती. पुंजाराम आणि छगन यांच्या बांधावर एक बाभूळ आहे. यंदा पाऊस दगा देऊन गेला, रानात गवताची काडी नाही, त्यामुळं त्या बाभळीच्या पाल्याला सोन्याचा भाव. दोघांच्या शेळ्या, दोघांचा हक्क. दुपारी दोघं असे भांडले की माझ्या घरापर्यंत आयाबहिणी ऐकू आल्या. मी धुतलेला सदरा चढवला, वही उघडली, तारीख घातली आणि वाट बघत बसलो. दिवस कलला तरी कुणी येईना. शेवटी बघायला बाहेर पडलो तर दोघं मनकर्णाकाकूंच्या बोळातून बरोबर येताहेत, मिशा पुसत.

"काय रे, भांडण?" मी दरडावलं.

"कसलं भांडान, पाटील? पानी प्यायला गेल्तो," पुंजाराम म्हणाला.

"दोघं?"

"तहान काय एकट्यालाच लागती व्हय?" छगन म्हणाला, आणि दोघं हसत निघून गेले.

माझा पट्टा लांबूनच बघितला असणार. धाक म्हणतात तो हाच. गुन्हा व्हायच्या आधीच गुन्हेगार गार.

१७ डिसेंबर, रविवार

आजची नोंद खास आहे. माझा धाकटा भाऊ कानिफनाथ माझ्याशी आठ वर्षं बोलत नव्हता. वाटणीत मधल्या बांधावरून बिनसलं होतं. मी रजेवर आलो की हा पठ्ठ्या तोंड फिरवून जायचा. आज सकाळी दारात उभा. "दादा, बांध तुझ्या खुनेपरमानं धर. माझं काय म्हननं न्हाई."

मी म्हणालो, "का रे, आज कसं काय सुचलं?"

तो रंगूकडं बघून म्हणाला, "सुचलं."

पोलीस पाटलाशी वैर परवडत नाही हे त्याला उशिरा का होईना कळलं. पाण्यात राहून माशाशी वैर करता येत नाही. रंगूला म्हणालो, बघ, हुद्द्याचं वजन. तिचा पदर पुढून भिजला होता. विचारलं तर म्हणाली, "पानी सांडलं." या दिवसांत पाणी सांडायचं म्हणजे काय! चांगलं झापलं तिला. ती गालातल्या गालात हसत होती. झापल्यावर हसणारी बाई माझ्याच नशिबी यायची होती.

१४ जानेवारी १९७३, रविवार, संक्रांत

काल पाथर्डीला सगळ्या पोलीस पाटलांची बैठक झाली. फौजदार साहेबांनी माझी नोंदवही सगळ्यांसमोर उचलून धरली. "इतर गावांत दुष्काळी खडीच्या कामावर, रेशनच्या रांगेत रोज डोकी फुटताहेत, आणि पिंपळदऱ्यात दोन महिने निरंक! गर्जे, सांगा यांना कसं जमवलं."

मी उभं राहून वीस मिनिटं बोललो. शिस्त, वेळ, पट्टा, शिट्टी, नजर. दोनतीन म्हातारे पाटील डुलक्या घेत होते, पण तरणे होते ते ऐकत होते. शेजारच्या गावच्या एकानं तर शिट्टी कुठं मिळते तेसुद्धा विचारून घेतलं.

घरी रेशनवरच्या मिलो ज्वारीची लाल भाकरी आणि तिळाची चटणी खाल्ली. गूळ नाही. पण तोंड गोडच होतं.

१८ फेब्रुवारी, रविवार

शेवटच्या विहिरीनं बूड दाखवलं. आता दिवसाआड टँकर येतो. टँकर म्हटलं की गोंधळ आलाच, पण माझ्या राज्यात नाही. चुन्याची रेघ मारली, घरामागं दोन हंडे नेमले, बायकांची रांग डाव्या अंगानं, पुरुषांनी दहा पावलं लांब. शिट्टी वाजली की एक पुढं. टँकरचा ड्रायव्हर म्हणाला, "पाटील, अशी रांग आमी नगरातबी न्हाई बगितली." अर्थातच. ड्रायव्हरला ड्रायव्हरची किंमत कळते.

एक गोष्ट खटकली. मनकर्णाकाकू एकटी बाई. तिला दोन हंडे मिळतात आणि वर आणखी एक हंडा कुणी ना कुणी तिच्या ओसरीवर ठेवून जातं. आज भागूबाईनं ठेवला, परवा छगनच्या बायकोनं. दारात पाणी मागायला येणाऱ्यांचीही रीघ. जो तो तिथून मिशा पुसत बाहेर. काकूंचं मन मोठं, पण दुष्काळात दानधर्म पाण्याचा करायचा नसतो. आणि वतन गेलं तरी लोक पाटलिणीला हंडा पोचवतात, म्हणजे ही वेठबिगारच की! कायद्यानं बंद झालेली. हे मला बघून न बघितल्यासारखं करता येणार नाही.

४ मार्च, रविवार

हुकूम काढला. एकट्या माणसाला एकच हंडा. दुसऱ्याच्या घरी पाणी पोचवायचं नाही, दुसऱ्याच्या घरी पाणी प्यायचं नाही. भीमा दवंडी द्यायला कां-कू करू लागला. "पाटील, ह्ये आसं न्हाई करू." मी म्हणालो, "तू कोतवाल आहेस का मी?" तो म्हणाला, "कोतवाल म्याच हाय, म्हून तर सांगतोय." तरी दवंडी दिली.

मनकर्णाकाकूंकडं मी स्वतः गेलो. मोठ्या घरचं माणूस, दवंडीनं कळणं बरं नव्हे. काकू ओसरीच्या खांबाला टेकून मटकी निवडत बसल्या होत्या.

"हुकूम हाय?" त्यांनी विचारलं.

"होय काकू."

"लिहून ठिवलाय?"

"नोंदवहीत."

"मंग झालं तर." त्यांनी दोन हंडे माझ्यापुढं सरकवले. मग तांब्याचा एक जुना मोठा तांब्या भरून पुढं केला. "उन्हाचा आलायस. पी."

मी म्हणालो, "ड्यूटीवर आहे, काकू." कायदा आधी आपल्याला लागू, मग गावाला.

त्या माझ्याकडं बघत राहिल्या. रागानं नव्हे. नवा बैल पहिल्यांदा जुंपल्यावर माणूस बघतो तसं.

घरी रंगूनं ताटात भाकरी आदळली. एवढा निःपक्षपाती नवरा मिळाला तर हिला अभिमान नको का वाटायला?

९ मार्च, शुक्रवार

अखेर चावडीत माणसं आली! एका दिवसात तीन तक्रारी. कोंबडी, कुंपण आणि शिवीगाळ. गावाचा माझ्यावर विश्वास बसला. इतके दिवस लाजत होते.

१२ मार्च, सोमवार

सात. निकाल जागच्या जागी दिले. निकाल दिला की दोन्ही पक्ष पाय आपटत जातात. दोघंही नाराज म्हणजे न्याय बरोबर मध्यावर बसला असणार.

१६ मार्च, शुक्रवार

अकरा. भागूबाई आणि तिच्या जावेनं चावडीत एकमेकींच्या सात पिढ्या उकरल्या. दोघींना बाहेर काढलं तर त्या बाहेर भांडल्या, आत घेतलं तर आत. शिट्टी वाजवली तर दोघी मिळून माझ्यावरच घसरल्या. त्या दोघींचं एकमत होणारी ती एकच बाब निघाली.

२० मार्च, मंगळवार

चौदा. एका तक्रारीत वादी माझा भाऊ कानिफनाथ, प्रतिवादी मी. बांधाचंच. चावडीत माझ्यासमोर उभा राहून माझ्याविरुद्ध बोलला, आणि मलाच ते लिहून घ्यावं लागलं. निकाल राखून ठेवला. दुसरं काय करणार?

२३ मार्च, शुक्रवार, रंगपंचमी

निम्मं गाव मढीच्या यात्रेला गेलंय. म्हणून आज शांतता. खरं खरं लिहायचं तर मला ही शांतता बरी वाटली. आणि आपल्याच गावातली माणसं बाहेरगावी गेली म्हणून पोलीस पाटलाला बरं वाटावं, हे काही बरं नाही. महिन्याभरात प्रांतसाहेब येतील. नोंदवहीची पानं भरत चालली आहेत. कुठं चुकलं? रांग तीच, शिस्त तीच, पट्टाही तोच. रंगूला विचारावं का? नको. ती बोलायला लागली की थांबत नाही, आणि सध्या तर बोलतच नाही.

२६ मार्च, सोमवार

डाव्या हातानं लिहितोय, अक्षर वाकडं येईल. उजवा दंड सुजून खांबासारखा झालाय. पण आजचं आजच लिहायला हवं.

सकाळी टँकर आला. रांग लागली. छगनच्या बायकोचा भरलेला हंडा पुंजारामच्या बायकोच्या धक्क्यानं कलंडला. धक्का मुद्दाम दिला का चुकून, देव जाणे. पाणी सगळं मातीत. त्या बाईनं असा टाहो फोडला की घरात कुणी गेलं असं वाटावं. छगन धावला, पुंजाराम धावला. बाभळीचं पुन्हा निघालं. कुणी कुणाची फांदी कधी तोडली, सगळं निघालं. बघता बघता अर्धं गाव इकडं, अर्धं तिकडं. कानिफनाथ छगनकडून. दगड उचलले गेले. मी शिट्टी फुंकली. पुन्हा फुंकली. गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "वाजव बाबा, शिट्टीनं पानी येतंय का बग." आणि लोक हसले. भांडता भांडता हसले, मला.

मग पुंजारामनं कुऱ्हाड उचलली.

मी मध्ये शिरलो. विचार केला नाही, शिरलो. कुऱ्हाडीचा दांडा दंडावर बसला. पातं बसलं असतं तर ही नोंद लिहायला मी नसतो. पुंजारामनं कुऱ्हाड टाकली आणि मटकन खाली बसला. गर्दी थबकली, पण निवली नाही. दोन्हीकडचे दगड हातातच होते.

रंगू पळत आली. पदर फाडून माझा दंड बांधत होती आणि बोलत होती, तीन आठवड्यांचं सगळं एकदम. "सोळा वरसं तुमी गावात न्हवता, तुमाला काय ठावं? श्रीमंत पाटील व्हते तवापासनं ह्या गावातले तंटे काकूंच्या ओसरीवर मिटतात. दोघांनी एकाच तांब्यातलं पानी प्यायचं. आदी एकानं प्यायचं, उरंल ते दुसऱ्याला. बोलायचं न्हाई. किती ठिवलं ते समदे बगतात. त्यासाठनं हंडा हुता त्यो! त्यात काकूंचा घोटबी न्हवता. तुमी हंडा बंद केला आन गाव उसवलं."

"आणि कानिफनाथचा बांध?"

"तुमी काय काकूंनी बोलावल्याव आला आसता व्हय? तुमच्या वतीनं मी प्याले त्याच्यासंगं. दोन घोट घेतले आन सारा तांब्या त्याला ठिवला. तवा कुठं आला त्यो दारात."

दंड दुखायचा थांबला. खरंच थांबला, त्याहून दुसरंच काहीतरी जास्त दुखायला लागलं म्हणून. पाथर्डीला वीस मिनिटं भाषण ठोकलेला मी. शिस्त, वेळ, पट्टा, शिट्टी. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा.

आमच्या घरचा एक हंडा भरून झाला होता. तो मी डाव्या हातानं उचलून खांद्यावर घेतला. आमच्याकडं पुरुष खांद्यावर पाण्याचा हंडा घेत नाही, लग्नात गमतीनंसुद्धा नाही. पोलीस पाटलानं तर नाहीच. बायका तोंडाला पदर लावून बघत राहिल्या. मी रांग ओलांडली, माझीच चुन्याची रेघ ओलांडली, बोळात शिरलो. निम्मं पाणी सदऱ्यावरून ओघळत होतं. मागं वळून बघायचं धाडस झालं नाही. कुणी येतंय का नाही, काही कळेना. मग चपलांचा आवाज ऐकू आला. एक, दोन, मग पुष्कळ.

काकू ओसरीवरच होत्या. हंडा ठेवला. म्हणालो, "काकू, हुकूम मागं घेतला."

"लिहून ठिव," त्या म्हणाल्या, आणि आत जाऊन तांब्या घेऊन आल्या.

पुंजारामला आधी दिला. त्यानं दोनच घोट घेतले. रोज खडी फोडून राबणारा माणूस, घसा कोरडा पडलेला, दोनच घोट. तांब्या जवळजवळ भरलेलाच छगनकडं गेला. छगननं आत वाकून बघितलं आणि त्याचं तोंड वेडंवाकडं झालं. प्याला, आणि शेवटचे दोन घोट पुन्हा पुंजारामपुढं धरले. असं काही नसतं म्हणे, तांब्या एकदाच फिरतो. पण काकूंनी चालवून घेतलं.

मग त्यांनी तांब्या पुन्हा भरला आणि माझ्याकडं बघितलं. "गहिनी, तुझा भाऊ मागं हुबा हाय. ह्या वक्ताला ड्यूटी न्हाई ना तुजी?"

मी प्यालो. किती ठेवलं ते इथं लिहीत नाही. गावानं बघितलं.

२७ मार्च, मंगळवार

नोंदवहीत कालचं सगळं लिहिलं, माझा हुकूम, त्याचा परिणाम आणि हुकूम मागं घेतल्याचं. भीमाकडून नवी दवंडी दिली: मनकर्णाबाईंच्या ओसरीवर दर टँकरला दोन जादा हंडे, गावकामासाठी. पहिला आमच्या घरचा. भीमानं दवंडी अशी बडवली की पलीकडच्या वाडीला ऐकू गेली असेल.

आजच्या तक्रारी: निरंक.

२८ एप्रिल, शनिवार

प्रांतसाहेब आले. शाळेपुढच्या लिंबाखाली सतरंजी टाकली होती. संपूर्ण गाव जमलं होतं. शेजारी फौजदार साहेब. प्रांतसाहेब तरणे, चष्मेवाले, बोलायला मऊ. नोंदवही पानापानानं बघत गेले.

"नोव्हेंबर ते फेब्रुवारी निरंक. एप्रिल निरंक. आणि मार्चमध्ये तीन आठवड्यांत सत्तेचाळीस तक्रारी. मार्चमध्ये काय झालं?"

फौजदार साहेब भले माणूस, लगेच म्हणाले, "दुष्काळ आहे साहेब. टँकर सुरू झाला, रांगेत कुरबुरी होणारच. गर्जेंनी महिन्यात आटोक्यात आणलं."

मान हलवली असती तरी चाललं असतं. कुणी काही बोललं नसतं, गाव माझ्या बाजूचं झालं होतं. सहा महिने ज्या कागदासाठी तळमळलो तो साहेबांच्या कातडी पिशवीत होता, फक्त सही बाकी.

मी पाय जुळवून उभा राहिलो. "साहेब, टँकर फेब्रुवारीत सुरू झाला. चार मार्चला मी एक हुकूम काढला, तो चुकीचा होता. पुढच्या पानावर लिहिलंय. त्या सत्तेचाळीस तक्रारी माझ्या आहेत."

साहेबांनी ते पान वाचलं. मग म्हणाले, "आणि आधीची शांतता?"

"ती माझी नव्हे साहेब. ती मनकर्णाबाईंची. मी फक्त निरंक लिहीत होतो."

फौजदार साहेब जमिनीकडं बघत होते. मला वाटलं, गेलं. जाऊ दे. पण मोकळं मोकळं वाटत होतं, हे कबूल करतो.

प्रांतसाहेबांनी लोकांकडं बघितलं. "मग तुमचं काय म्हणणं? कुणाला नेमायचं?"

मागून, बायकांतून, काठी टेकत मनकर्णाकाकू पुढं आल्या. डोक्यावरचा पदर सारखा केला.

"सायेब, ह्यालाच ठिवा. फौजदार सायेबांनी इचारलं तवा म्याच ह्याचं नाव सांगितलं हुतं. शिट्टी लई जोरात वाजवतो, म्हून समद्यांचं ध्यान तिकडं आन माझं काम निवांत, ह्यो इचार केल्ता म्या. लबाडीच केली म्हना. पर आपन चुकलो म्हून सरकारी वहीत लिहिनारा पाटील ह्या गावानं आजवर पाह्यला न्हवता." थांबल्या, आणि म्हणाल्या, "माझ्या मालकांनी तर उभ्या जन्मात न्हाई लिहिलं."

आधी पुंजाराम हसला, मग सगळं गाव. प्रांतसाहेबसुद्धा चष्मा काढून पुसायला लागले. सही तिथल्या तिथं केली, वहीच्याच पाठीवर कागद ठेवून.

म्हणजे मी माझ्या लष्करी दबदब्यामुळं नव्हे, शिट्टीमुळं नेमला गेलो होतो. राग यायला पाहिजे होता. सकाळपासून आठवून बघतोय, येत नाही.

५ मे, शनिवार, अक्षय्य तृतीया

कायमचा हुकूम चौकट करून भिंतीला लावला. रंगूनं बघितला आणि म्हणाली, "सरळ लावा. तिरका हाय." सरळ लावला.

आखितीला पाण्याची घागर दान द्यायची चाल आहे. सकाळी मनकर्णाकाकू स्वतः आमच्या दारात आल्या. पाटलीण आमच्या उंबऱ्यात आली असं माझ्या उभ्या हयातीत पहिल्यांदाच घडलं. हातात तो तांब्या, चिंचेनं घासून लखलखीत केलेला, वर पळसाचं पान. मी पुढं झालो, दोन्ही हात पुढं केले. काकूंनी माझे हात बाजूला सारले आणि तांब्या रंगूच्या ओंजळीत ठेवला.

"माझे गुडघे गेले, बाय. ऊठबस व्हत न्हाई. आता तू बग."

मी म्हणालो, "काकू, आणि मी?"

"तुला सरकारनं दिलंय की," त्या म्हणाल्या, आणि भिंतीवरच्या चौकटीकडं बोट दाखवून निघाल्या.

दुपारी मी पट्टा बांधून आमच्या ओसरीवर बसलो होतो. भागूबाई आणि तिची जाऊ आल्या, तोंडं दोन दिशांना.

"वैनी हायत का?"

"मी आहे ना! कायम आहे आता."

"तुमी हायच की, पाटील," भागूबाई म्हणाली. "पर आमचं भांडान हाय."

मी उठलो. पट्टा सोडून खुंटीला टांगला, आतून अर्धा हंडा आणून रंगूपुढं ठेवला आणि अंगणात जाऊन बसलो. घटकाभरानं दोघी पदरानं तोंड पुसत, जत्रेला निघाल्यासारख्या गेल्या.

मग रंगूनं मला हाक मारली. तांब्या भरून समोर ठेवला होता.

"बसा. एक तंटा राह्यलाय. वादी मी हाय."

"कशाचा?"

"सोळा वरसं कागदावर खुशालीच्या दोन ओळी यायच्या. घरी आलात तरी माझ्यासंगं हुकमानंच बोलता. हे आन, ते उचल, पानी सांडू नकू. कायम तर मीबी हाय की वो ह्या घरात."

काय बोलणार? बोलायचं नसतंच. बरं झालं तो नियम आहे.

घसा कोरडा पडला होता. मी दोन घोट घेतले आणि तांब्या तिच्याकडं दिला. तिनं वाकून आत बघितलं, किती ठेवलंय ते. निरखून बघितलं. मग सगळा प्याली.

सरकारी वहीत लिहिलं: आज तक्रार निरंक. सही केली. मिशी अजून ओलीच होती.